अनुभव धागा: जुनी मोटरसायकल आणि कार्बोरेटरचं दुखणं

एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, थोडक्यात कार्ब) जवळपास हद्दपार झाला. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र अजून त्याचंच राज्य आहे. गाडी कुरकुरली की मेकॅनिक पहिल्यांदा म्हणतो, "कार्ब खोलावा लागेल." माझं ठाम मत असं, की पाना लावण्याआधी गाडी नेमकी कुठे अडते ते बघावं. स्लोला बंद पडते, चोक ओढल्याशिवाय टिकत नाही, पण रेस दिली की व्यवस्थित पळते, तर संशय पायलट जेटवर, म्हणजे स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर. स्लो छान, पण पूर्ण थ्रॉटलला दम तोडते, तर मेन जेट (जास्त रेसला पेट्रोल देणारा) नाहीतर पेट्रोलचा पुरवठा. तुमच्या गाडीचं लक्षण काय होतं आणि मूळ कुठे सापडलं, ते सविस्तर लिहा.

सांगलीहून
शंभर सीसीची गाडी, आधीच्या मालकाकडे बरेच महिने उभी होती. कार्बच्या खालच्या वाटीत, जिथे पेट्रोल साठतं, ते आटून तळाला पिवळट चिकट थर बसला होता. पायलट जेट उजेडासमोर धरला तर आरपार काहीच दिसेना. त्याचं भोक केसाएवढं असतं. गॅरेजमधला पोरगा तार घालायला निघाला होता, त्याला थांबवलं. जेट पितळेचा, तारेने भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनरमध्ये भिजत ठेवला, कॉम्प्रेसरची हवा मारली आणि पलीकडचा उजेड दिसल्यावरच परत बसवला. आता सकाळी एका किकमध्ये सुरू होते.

रत्नागिरीहून
आमच्याकडे पावसाळ्यात कार्बमध्ये पाणी, हे ठरलेलं. ड्रेन स्क्रू सैल करून वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि जरा वेळ तसंच ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. पेट्रोलमधलं इथेनॉल थोडं पाणी सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की दोन्ही मिळून तळाला बसतात, आणि जेट तिथूनच पेट्रोल उचलतो. माझ्या गाडीत टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं. ते बदललं, टाकी पूर्ण रिकामी करून वाळवली, तेव्हा कुठे गचके थांबले. नुसता कार्ब धुऊन हा त्रास जात नाही हो.

पुण्याहून, आरएक्स १००
ट्यूनिंगबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. कार्बवरचा मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: बाहेर काढला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा: बाहेर काढला की जाड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त. हे न बघता फिरवणारे खूप भेटतात. मग स्पार्क प्लगचं टोक बघा. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे हवा जास्त. टू-स्ट्रोकला पातळ मिश्रणावर पळवलं तर पिस्टन धरतो (तापून सिलिंडरमध्ये अडकतो), आणि तो खर्च कार्बच्या कितीतरी पट.

नाशिकहून
थोडं अंतर गेलं की बंद, जरा थांबलं की पुन्हा सुरू. कार्ब दोनदा खोलून झाला. शेवटी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडलं, सुस्स करून हवा आत गेली. झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलेलं, म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हतं!

छत्रपती संभाजीनगरहून
ताई-दादांनो, ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर अंगावर काढू नका. माझ्या गाडीत फ्लोट नीडलच्या (वाटी भरली की पेट्रोल बंद करणारी सुई) टोकाला झिजून गोल खाच पडली होती. असं जास्तीचं पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरू शकतं, म्हणून फोर-स्ट्रोक असेल तर ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली, तर नीडलबरोबर ऑइलही बदला. गाडी उभी करताना टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद ठेवायचा.

नागपूरहून
गाडी गरम झाली की सिग्नलला रेस आपोआप चढते. स्लो स्क्रू कमी केला तर थंडीत बंद पडते. कार्ब नुकताच साफ केलाय. काय बघू?

धागाकर्ता
दादा, आधी थ्रॉटल केबल अडकत नाही ना ते बघा. मग कार्ब आणि इंजिन यांच्यामधला रबरी जॉइंट. इंजिन स्लोवर असताना त्यावर थोडं पाणी फवारा. आवाज बदलला तर तिथून हवा ओढतेय.

नागपूरहून
फवारलं. आवाज लगेच खाली बसला. जॉइंट काढून वाकवला तेव्हा खालच्या बाजूला भेग दिसली, वरून अजिबात कळत नव्हती. नवा मागवलाय, सोबत ओ-रिंगही (सांध्यातलं गोल रबर) सांगितली आहे.