हॅम्बुर्गमध्ये विलीन झालेले आल्टोना : नदीकाठच्या या शहराच्या हाती काय उरले?

प्रश्न : वडणगेकर

नमस्कार मंडळी. माझा भाचा दीड वर्षापासून जर्मनीत हॅम्बुर्गला नोकरीस आहे. कुठे राहतोस असे विचारले, की तो आधी 'आल्टोना' म्हणतो आणि हॅम्बुर्गचे नाव मागाहून जोडतो. तिथल्या रेल्वे स्थानकावरही 'हॅम्बुर्ग-आल्टोना' अशीच पाटी आहे. एल्ब नदीच्या काठचे हे एके काळचे स्वतंत्र शहर होते आणि आता ते हॅम्बुर्गच्या सात विभागांपैकी एक आहे, एवढेच मला त्याच्याकडून कळले.

मी पंचगंगेच्या पलीकडचा. शिवाजी पूल ओलांडला की कोल्हापूर शहर सुरू होते, पण हद्दवाढीचा विषय निघाला की आमच्या पारावरची मंडळी अजूनही बाह्या सरसावतात. म्हणून जाणकारांना विचारतो. विलीनीकरणाच्या वेळी आल्टोनाच्या लोकांना कोणी विचारले होते का? आज त्या विभागाच्या हाती नेमके काय आहे. घरफाळा, बांधकाम परवाने, रस्ते, की नुसती पाटी? आणि तिथेही पूर येतो का, हे नदीकाठच्या माणसाला विचारल्यावाचून राहवत नाही.

उत्तर १ : ओटेन्झनचा माजी भाडेकरू

वडणगेकरसाहेब, आल्टोनातल्याच ओटेन्झन या भागात मी नऊ वर्षे राहिलो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

१५३५ च्या सुमारास हॅम्बुर्गच्या वेशीबाहेर कोळ्यांची एक वस्ती आणि एक दारूचे दुकान उभे राहिले, ही आल्टोनाची सुरुवात. हॅम्बुर्गकरांना ते 'फारच जवळ' वाटले आणि त्या अर्थाच्या तिथल्या बोलीतल्या शब्दांवरून हे नाव पडले, अशी लोककथा आहे. ती खरी असो वा नसो, पुढच्या चारशे वर्षांचे वैर मात्र तिच्यात नेमके उतरले आहे. १६४० साली ही वस्ती डेन्मार्कच्या राजाकडे गेली आणि १६६४ साली तिला शहराचा दर्जा मिळाला. डॅनिश राजाला हॅम्बुर्गच्या दाराशी स्वतःचे बंदर हवे होते. मग व्यापारी व कारागीर तिथे यावेत म्हणून कारागिरांच्या संघटनांची बंधने सैल करण्यात आली, आणि हॅम्बुर्गमध्ये ज्यांना उघडपणे उपासना करता येत नसे त्या कॅथलिक, मेनोनाइट (हा एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू लोकांना तिथे आपापली प्रार्थनास्थळे उभारता आली. तिथल्या एका गल्लीचे नावच 'ग्रोसे फ्रायहाइट', म्हणजे मोठे स्वातंत्र्य, असे आहे. (१९६० साली बीटल्सनी गाण्याचे कार्यक्रम केले ती हीच गल्ली. आता ती शेजारच्या विभागात मोडते, आणि जुने आल्टोनाकर ही गोष्ट अजून मनातून काढू शकलेले नाहीत.) हॅम्बुर्गच्या मानचिन्हातल्या किल्ल्याचे दार बंद आहे, आल्टोनाच्या मानचिन्हातले उघडे. नगरभवनासमोर हे चिन्ह मला पहिल्यांदा एका आजोबांनी दाखवले, तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते बरोबर त्या उघड्या दारावर.

१७१३ साली स्वीडिश सैन्याने हे शहर जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले आणि डॅनिश राज्यात कोपनहेगनच्या खालोखाल मोठे झाले. १८६४ च्या युद्धानंतर ते डेन्मार्कच्या हातून गेले आणि १८६७ साली प्रशिया या जर्मन राज्यात आले. मधल्या घडामोडी सोडून मुद्द्यावर येतो.

लोकांना विचारले का? नाही. २६ जानेवारी १९३७ चा 'बृहद् हॅम्बुर्ग कायदा' बर्लिनच्या नाझी सरकारने केला आणि १ एप्रिलपासून आल्टोना, वान्ट्सबेक आणि हारबुर्ग-विल्हेल्म्सबुर्ग ही प्रशियाची शहरे हॅम्बुर्गला जोडली. त्या वेळी आल्टोनाची लोकसंख्या दोन लाखांहून अधिक होती, म्हणजे एखादे खेडे शहराने गिळले असा हा प्रकार नव्हता. विरोध करू शकणारे लोकनियुक्त नगरमंडळ तोवर उरलेच नव्हते. १९२४ पासून महापौर असलेले माक्स ब्राउअर यांना १९३३ साली परागंदा व्हावे लागले होते. त्याआधी, १७ जुलै १९३२ च्या रविवारी, नाझींच्या निमलष्करी दलाने आल्टोनाच्या कामगार वस्तीतून मोर्चा काढला, त्यात उसळलेल्या हिंसाचारात १८ जण मरण पावले आणि तेच निमित्त करून तीन दिवसांनी प्रशियाचे निवडून आलेले सरकार बरखास्त करण्यात आले. या प्रकरणात १९३३ साली चौघांचा शिरच्छेद झाला; त्यांच्यावरचा निकाल न्यायालयाने रद्द केला तो १९९२ साली.

युद्धानंतर आल्टोना पुन्हा वेगळे झाले नाही. गंमत अशी, की ब्राउअर १९४६ साली परतले आणि महापौर झाले ते अखंड हॅम्बुर्गचे.

उत्तर २ : शाहूपुरीतला अडत्या

वरचे उत्तर उत्तम आहे, पण त्यात आल्टोना जरा जास्तच बिचारे दिसते. या बिचाऱ्या शहरानेही आपली हद्दवाढ करून घेतलीच होती. १८८९ साली त्याने शेजारचे ओटेन्झन आत घेतले, आणि १९२७ साली ब्लांकेनेझे, नीनश्टेटन अशी एल्बकाठची अनेक गावे पदरात पाडून घेतली. त्यानंतर दहाच वर्षांनी तेच स्वतः गिळले गेले. आपल्याकडे पेठेतला माणूस हद्दवाढीसाठी भांडतो आणि गावातला तिच्याविरुद्ध. आल्टोनाने मात्र दोन्ही भूमिका एकाच पिढीत वठवल्या.

डॅनिश राजाने व्यापारी ओढण्यासाठी सवलती दिल्या, हे वाचून मला आमची पेठ आठवली. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली तीही व्यापार वाढावा म्हणूनच, आणि गुळाच्या बाजाराने तिचे नाव झाले. फरक इतकाच, की आपल्याकडे राजाने आपल्याच राजधानीलगत पेठ वसवली आणि तिकडे दुसऱ्याच्या शहराला शह देण्यासाठी. संस्थानापुरते बोलायचे तर १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूरही मुंबई राज्यात विलीन झालेच. त्यामुळे पाटी राहून सत्ता जाण्याचा अनुभव आपल्याला अगदीच परका नाही.

उत्तर ३ : निवृत्त कारकून

अधिकारांचा प्रश्न राहून गेला, म्हणून लिहितो. माझी सगळी नोकरी घरफाळ्याच्या नोंदवह्यांत गेली, त्यामुळे माझी नजर आधी तिजोरीकडे जाते.

हॅम्बुर्ग हे शहरही आहे आणि जर्मन संघराज्यातले एक राज्यही. तिथल्या राज्यघटनेनुसार राज्याचा कारभार आणि नगराचा कारभार असे दोन वेगळे भाग नाहीत, म्हणून आल्टोना हा विभाग म्हणजे नगरपालिका नव्हे. स्वतःचा कर बसवण्याचा अधिकार त्याला नाही. पैसा राज्याच्या अंदाजपत्रकातून येतो. मात्र १९४९ च्या कायद्याने विभागांना स्वतःचे कार्यालय आणि निवडून आलेली सभा मिळाली. आल्टोनाच्या विभागसभेत ५१ सभासद असून निवडणूक दर पाच वर्षांनी होते. मागची जून २०२४ मध्ये झाली. मतदानाचे वय १६ आहे. विभागाचा मुख्य अधिकारी ही सभा निवडते, पण नेमणूक करते ते हॅम्बुर्गचे मंत्रिमंडळ, ज्याला तिथे 'सेनाट' म्हणतात. बांधकाम परवाने, स्थानिक रस्ते, उद्याने, आरोग्य व समाजकल्याणाची कामे विभाग कार्यालयात होतात.

या सभेला आपली प्रभाग समिती समजू नये. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या, परंतु त्यांच्यासाठी वेगळी निवडणूक होत नाही. त्यात बसतात ते नगरसेवकच. आल्टोनाची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या शहराच्या जवळजवळ निम्मी, आणि तेवढ्या भागासाठी वेगळी निवडून आलेली सभा आहे.

शिवाय १९९८ पासून नागरिकांना सह्या गोळा करून विभागात सार्वमत मागता येते. ग्रोसे बेर्गश्ट्रासे या पडत्या बाजारपेठेत आयकिया या कंपनीचे भव्य दुकान असावे की नसावे, यावर आल्टोनात बराच वाद झाला. विरोधकांनी सह्या जमवल्या, तशा समर्थकांनीही जमवल्या, आणि जानेवारी २०१० मध्ये सुमारे ७७ टक्के मते दुकानाच्या बाजूने पडली. ते २०१४ साली उघडले. आता खोच अशी, की सार्वमताचा कौल विभागसभेच्या ठरावाइतकाच वजनाचा असतो आणि सेनाटला एखादा विषय विभागाकडून काढून स्वतःकडे घेता येतो. वडणगेकरांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हेच : बोलण्याचा हक्क भरपूर आहे, पण शेवटचा शब्द आणि किल्ली दुसऱ्याकडे आहे. आमच्या भाषेत सांगायचे, तर शिफारस करणारा टेबल मोठा आहे, सही मात्र वरच्या मजल्यावर होते.

वडणगेकर

सर्वांचे मनापासून आभार. कारकूनसाहेबांचा वरचा मजला लगेच समजला. आमच्या ग्रामसभेत हात वर करून निदान आवाज तरी ऐकवता येतो, शहरात गेल्यावर तेवढेही राहील का, हीच आमच्याकडची धास्ती आहे. पुराचे मात्र कोणीच सांगितले नाही.

उत्तर ४ : ओटेन्झनचा माजी भाडेकरू

क्षमा असावी, ते राहिले. पूर येतो, पण आपल्यासारखा नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ वर गेले की धोका. २०१९ आणि २०२१ साली ते ५५ फुटांच्या वर गेले आणि चिखली, आंबेवाडीची माणसे जनावरांसह किती दिवस बाहेर राहिली, हे आपण पाहिलेच आहे. आल्टोनात पावसाने सहसा पूर येत नाही. समुद्र सुमारे शंभर किलोमीटर दूर असला तरी भरती-ओहोटी थेट शहरापर्यंत पोहोचते, आणि हिवाळ्यात वायव्येचे वादळ भरतीचे पाणी नदीत लोटते. ते काही तासांत चढते आणि ओहोटीबरोबर उतरतेही. फेब्रुवारी १९६२ च्या वादळात बांध फुटून हॅम्बुर्गमध्ये ३१५ माणसे गेली, त्यातली बहुतेक पलीकडच्या विल्हेल्म्सबुर्ग भागातली. जानेवारी १९७६ मध्ये पाणी त्याहून उंच, ६.४५ मीटरपर्यंत चढले, पण तोवर बांध उंच केलेले होते.

आल्टोनाचा मासळी बाजार मात्र पूरसंरक्षक भिंतीच्या बाहेर, पाण्याच्या बाजूलाच आहे. तिथली १८९६ ची लिलावाची इमारत मोठ्या भरतीला पाण्यात उभी राहते. इशारा आला की गाड्या हलवायच्या, दारे बंद करायची, आणि पाणी ओसरल्यावर पाइपने गाळ धुऊन काढायचा. हे सगळे घरातल्या नेहमीच्या कामासारखे चालते. पाणी उतरल्यानंतरच्या एका सकाळी मी तिथे गेलो होतो. दगडी फरशीवर बोटभर करडा चिखल होता, एक बाई रबरी बूट घालून खराट्याने तो नदीकडे लोटत होती आणि शेजारी कॉफीवाल्याने दुकान मांडलेही होते.

भाच्याला रविवारी तिथे जरूर पाठवा. १७०३ पासून तो बाजार रविवारीच भरतो, कारण मासळी सोमवारपर्यंत टिकत नसे. चर्चची प्रार्थना सुरू होण्यापूर्वी तो उठवायचा, अशी अट होती. उन्हाळ्यात पहाटे ५ ला सुरू होतो आणि साडेनऊला संपतो. आठच्या आत गेला, तर मासेवाल्यांची हाळी ऐकायला मिळेल. ती ऐकून त्याला लक्ष्मीपुरीतली भाजी मंडई आठवेल.