एकादशीच्या ताटातून साबुदाण्याला रजा द्यावी का?

ओसरी (चर्चाप्रस्ताव)
आषाढी एकादशी तोंडावर आली की घरोघरी साबुदाणा भिजत पडतो आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण दरवर्षी हौसेने खरी करून दाखवतो. माझे म्हणणे एवढेच की उपवास अवश्य करावा, मात्र साबुदाण्याला त्यातून रजा द्यावी. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ३५० कॅलरी असतात, त्या जवळजवळ साऱ्या पिष्टाच्या, आणि प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नसतात. त्यात बटाट्याच्या फोडी, दाण्याचे कूट आणि तुपाची फोडणी आली की एक भरलेली ताटली सहज पाचशे कॅलरींच्या घरात जाते. मग दुपारी डोळ्यांवर झापड येते आणि हरिपाठाची पोथी मांडीवरच मिटते. त्यापेक्षा वरईचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि ताक असा बेत शरीरालाही मानवेल आणि मनालाही. परंपरेचा आधार मागणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, तसेच बटाटा, मिरची आणि शेंगदाणा, हे सारे पोर्तुगीज आल्यानंतर अमेरिका खंडांतून आपल्याकडे आले. ज्ञानेश्वरांच्या काळच्या एकादशीला खिचडी असणे शक्यच नव्हते.

तुळशीवृंदावन
राजगिराही मूळचा तिकडचाच आहे आणि आपल्या आमटीतले दाणेही, तेव्हा हा मुद्दा आपल्याच बेतावर उलटतो. माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. दशमीला एकभुक्त राहावे, एकादशीला निराहार किंवा झेपेल तसा फलाहार करावा आणि द्वादशीला पारणे सोडावे, असा हा तीन दिवसांचा नेम आहे. त्यातला मधला दिवस सुटा काढून त्याचा आहारतक्ता करणे म्हणजे व्रताचा प्राणच काढून घेणे होय. आळंदीहून पायी पंढरपूरला पोहोचलेला वारकरी त्या दिवशी प्रथिनांची मोजदाद करत नाही. त्याचे लक्ष चंद्रभागेच्या स्नानाकडे आणि कळसाच्या दर्शनाकडे असते. जिभेला एक दिवस थांबवता येते का, एवढीच ही परीक्षा आहे, आणि ती खिचडीने जितकी बुडते तितकीच आपल्या चविष्ट आमटीनेही बुडते.

चूलबोळकी
दोघांच्याही बोलण्यात स्वयंपाक आपोआप होतो असे दिसते. ज्या घरात आजेसासूबाईंचा निर्जळी उपवास, यजमानांचा फराळाचा आणि मुलांचा मुळीच नाही, तिथे एकादशीला तीन स्वयंपाक होतात. रात्री भिजवलेला साबुदाणा सकाळी मोकळा झाला की पंधरा मिनिटांत खिचडी होते, म्हणून ती टिकली आहे. राजगिऱ्याच्या पिठाला चिकटपणा नसतो. भाकरी थापताना कडेला चिरते आणि उलटताना मोडते. ती सकाळच्या घाईत कोण थापणार, तेही प्रस्तावात लिहावे.

काढाचिकित्सा
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, त्यामुळे खिचडीपेक्षा मला निर्जळीची धास्ती अधिक वाटते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारी व्यक्ती नेहमीचा डोस घेऊन दिवसभर उपाशी राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. हातपाय थरथरतात, घाम सुटतो, प्रसंगी शुद्ध हरपते. उलट, गोळी चुकवून दोन वेळा खिचडी खाल्ली तर साखर वर चढते. म्हणून अशा व्यक्तींनी चातुर्मास सुरू होण्याआधीच आपल्या डॉक्टरांना नेम सांगावा आणि डोस ठरवून घ्यावा. वरईची शिफारस झाली आहे, तर तीही जपून आणावी: पावसाळी दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते आणि सुट्या भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे नवरात्रात आणि महाशिवरात्रीला येतच असतात. आणि धर्माचेच प्रमाण हवे असेल, तर गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही असे म्हटले आहे, तसेच अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही असे म्हटले आहे.

ओसरी
राजगिरा कुठूनही आलेला असो, त्यात शंभर ग्रॅममागे तेराएक ग्रॅम प्रथिने आहेत आणि साबुदाण्यात ती नाहीत. माझा आग्रह तेवढ्यासाठीच आहे. भाकरी मोडत असेल तर पिठात उकडलेला बटाटा कुस्करून घालावा आणि थालीपीठ लावावे. ते यजमानांनी लावले तरी व्रतभंग होत नाही.

तुळशीवृंदावन
यजमानांच्या थालीपिठाला माझे पूर्ण अनुमोदन आहे. औषधे चालू असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि वृद्धांनी उपाशी राहू नये, यावरही वाद नाही, कारण अशक्तांना सवलत देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. परंतु धडधाकट माणसाला ‘काय खावे’ या प्रश्नातून एक दिवसही सुटका मिळू नये, हे मला पटत नाही. त्याने दिवसभर पाणी, थोडे दूध आणि एखादे फळ घ्यावे व वाचलेला वेळ नामस्मरणाला द्यावा. आपल्या बेतात तो वेळ पुन्हा ओट्यापाशीच जातो.