रस्त्याच्या मातीत काथ्या मिसळणं सक्तीचं करावं का?

भरावकर:
खालची माती मऊ निघाली की ती उपसा आणि ट्रकने मुरूम आणा, हीच आपली सवय. काथ्या, ताग, घायपात यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे मातीच्या कोरड्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का मिसळले तरी फरक पडतो. दाब वाढला की साधा नमुना तडकून ढासळतो. तंतूवाल्यात तडा जातो, पण तंतू दोन्ही काठ धरून ठेवतात. कमी वाहतुकीच्या रस्त्यांना हे सक्तीचं करा.

ओलीमाती:
प्रयोगशाळेत सगळंच छान दिसतं हो. ओल्या मातीत ताग कुजायला कितीसा वेळ लागतो?

भरावकर:
ताग आणि काथ्या एकाच मापाने मोजू नका. काथ्यात लिग्निन, म्हणजे कुजणं लांबवणारा कठीण घटक, ४० टक्क्यांच्या आसपास, तागात जेमतेम १२-१३. काथ्याची जाळी अंथरली तर ती कुजेपर्यंत खालची माती दबून घट्ट झालेली असते.

ओलीमाती:
चर्चा तुकडे मिसळण्याची आहे, जाळी मध्येच कुठून आली? तुकडे कुजले की मातीत पोकळ्या उरतात, त्यांचं काय?

रोलरवाला:
कुजण्याची वेळ नंतरची, आधी ते नीट मिसळून तर दाखवा! चिकण मातीत तंतूंचे गोळे होतात. इथे गोळा, शेजारी हातभर नुसती माती. टक्का वाढवावा तर तंतू हलके, घनता घसरते. मग रोलर कितीही फिरवा. ढेकळं फोडून, तंतू सुटे करून थोडेथोडे पसरायला लागतात. एवढी मजुरी निविदेत कोण धरतं?

चुनखडी:
काळी माती फुगते ती माँटमोरिलोनाइटमुळे. तंतू त्या खनिजाला हातही लावत नाहीत, तिथे चुनाच लागतो. दोन्ही एकत्र घालू म्हणाल, तर चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच १२.४, म्हणजे फार अल्कधर्मी असतो. त्यात वनस्पतीचे तंतू हळूहळू खंगतात.

भरावकर:
फुगणाऱ्या मातीला नुसते तंतू पुरतील असं मी कुठे म्हटलं? पण चुन्याने माती ठिसूळ होते, तो ठिसूळपणा तंतू कमी करतात. आणि तंतू आधी सौम्य कॉस्टिक सोड्यात बुडवले की वरचं मेण निघतं, पकड वाढते.

ओलीमाती:
आणि ते सोड्याचं पाणी कुठल्या ओढ्यात सोडणार? पर्यावरणपूरक म्हणे!

रोलरवाला:
तंतू पाणी पिऊन फुगतात, सुकले की आकसून मातीपासून सुटतात. त्यामुळे सीबीआर, म्हणजे मातीची भार पेलण्याची ताकद सांगणारा आकडा, चार दिवस भिजवलेल्या नमुन्याचाच बघा, वर ओलं-सुकं करूनही तपासा. कोरड्या नमुन्याच्या आकड्यावर वरच्या मुरमाच्या थराची जाडी कमी करू नका.

ओलीमाती:
जाडी कमी होणार नसेल तर तेवढाच मुरूम आला, वर काथ्याचा खर्च. सक्ती कशाची करताय मग?