नोकरी शोधतेय आणि अंध मुलांची रायटर म्हणून जातेय, घरचे म्हणतात वेळ घालवतेस

बीकॉम झालंय, पुण्यात राहते. आधीची कंपनी बंद झाली तेव्हापासून घरीच आहे, रोज अर्ज टाकते, बहुतेक ठिकाणांहून साधं उत्तरपण येत नाही. मधे मैत्रिणीमुळे एमए करणाऱ्या एका अंध मुलीचा पेपर लिहायला गेले, ती इतकं मुद्देसूद सांगत होती की माझा हात पुरेना. आता अजून दोघं विचारतात, त्यांना पुस्तकंही रेकॉर्ड करून देते, आणि खरं सांगते, खूप दिवसांनी कोणाच्या तरी उपयोगी पडतेय असं वाटतं. पण बाबा म्हणतात फुकटची कामं करत बसलीस तर नोकरी कधी शोधणार. पुढच्या महिन्यात पेपर आहे, त्याच दिवशी इंटरव्ह्यू आला तर? आणि हे रेझ्युमेत लिहायचं का?

वाटसरू: लिही ना, मी एचआरमधे आहे. फक्त "समाजसेवा" असं मोघम लिहू नकोस, कुठल्या परीक्षेचे पेपर लिहिलेस, कुठल्या विषयाची पुस्तकं रेकॉर्ड केलीस ते लिही. मधल्या गॅपबद्दल विचारलं तर हेच सांग, बिनधास्त.

सह्याद्री: मी पूर्ण अंध आहे, आता बँकेत आहे. ताई, इंटरव्ह्यूची तारीख विनंती करून बदलून मिळू शकते, पेपरची नाही. माझा रायटर एकदा ऐन सकाळी येत नाही म्हणाला होता, तो दिवस अजून विसरलो नाही. म्हणून आत्ताच त्या मुलीला सांगून ठेव की मी नोकरी शोधतेय, आणि दोघींनी मिळून दुसरा रायटर तयार ठेवा, पण तोही नियमात बसणारा हवा, दहावीच्या मुलाला खालच्या वर्गातलाच लागतो, तसं प्रत्येक परीक्षेचं वेगळं असतं. तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे ३ तासांचा पेपर ४ तास चालतो, त्या दिवशी दुसरं काही ठेवूच नकोस. अजून एक, पर्याय सगळे एकाच सुरात वाच, बरोबर उत्तरावर तू नकळत थबकलीस तरी आम्हाला कळतं, आणि ते आम्हाला नको असतं. गणितात नुसतं "रूट एक्स प्लस तीन" म्हणू नकोस, रूट कुठे संपतो ते बोल.

मालतीकाकू: बाबांचंही अगदी चूक नाही गं. सकाळचे तास अर्जांना ठेव, रेकॉर्डिंग दुपारी कर. आणि रिक्षाचे पैसे स्वतःच्या खिशातून घालत असशील तर त्या मुलांशी मोकळेपणाने बोल, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्नकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. सह्याद्रीदादा, सूर बदलण्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. त्या मुलीशी आत्ताच फोनवर बोलले, तिची एक मैत्रीण बीए झालेली आहे, तिला विचारते म्हणाली. काकू, उद्यापासून सकाळी फक्त अर्ज.