फ्युएल पंप गेलाय, घरीच तपासायचा कसा? अर्जंट

अनगोळचा_राजा
नमस्कार मंडळी. गाडीचा फ्युएल पंप गेलाय. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी उठेना. बॅटरी नवीन आहे, तिच्याबद्दल कुणी काही सांगू नका. मिस्त्री म्हणायलाय पंप बदला. पंप, फिल्टर आणि मजुरी धरून सात हजार. जुन्या गाडीवर एवढे पैसे घालायचे तर आधी खात्री करावी म्हणतो. पंप खरंच गेलाय की नाही हे घरात बसून कसं बघायचं, तेवढंच सांगा. रविवारी चंदगडला साखरपुडा आहे आणि सगळी माणसं माझ्याच गाडीत आहेत. लवकर सांगा.

कोगनोळी_टोल
गाडी कुठली ते सांगा की आधी. कुठलं साल? पेट्रोल की डिझेल?

पद्मिनीप्रेमी
पंप लगेच बदलू नका. ऊन लागलं की पंपात पेट्रोलची वाफ होते आणि तो ओढायचा थांबतो. फडकं गार पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळा, दहा मिनिटं थांबा, मग सेल्फ मारा. आम्ही पद्मिनी घेऊन आंबोली घाट असाच चढायचो. पाण्याची बाटली आणि फडकं डिकीत कायम असायचं. तरीही नाही उठली तर पंप खोलून आतला रबरी पडदा बघा, फाटला असेल. स्वस्तात काम होतं.

अनगोळचा_राजा
पेट्रोल. सँट्रो.

मल्टिमीटर_मामा
सँट्रो पहिल्यापासून एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली इंजेक्शनची गाडी आहे काका, तिचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. फडकं गुंडाळणार कुठं?

राजा, आधी एवढं बघा. घरात शांतता असताना, म्हणजे मिक्सर, टीव्ही सगळं बंद असताना, मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा आणि तुम्ही किल्ली ऑन करा. सेल्फ मारू नका. दोन-तीन सेकंद मागून घूंऽऽ असा आवाज येऊन थांबायला पाहिजे. येतोय का? आणि किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतोय का? तो लागत नसेल तर पंपाच्या मागे लागायचंच नाही, गोष्ट वेगळी आहे.

अनगोळचा_राजा
दिवा लागतो. आवाज येत नाही. म्हणूनच म्हटलं ना पंप गेलाय.

मल्टिमीटर_मामा
आवाज येत नाही म्हणजे पंप फिरत नाही. पंप गेलाय असं त्यावरून म्हणता येत नाही. त्याला करंटच मिळत नसेल तर बिचारा फिरेल कसा? फ्यूज बघितला? रिले, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच?

ऊसवाला_चिकोडी
करंटबिरंट काही नाही. इथेनॉल. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांचे पंप, पाइप, रबर सगळं जायलंय. माझ्या मेव्हण्याच्या गाडीचा पंप गेला, शेजाऱ्याचा गेला. त्यात पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल पाण्याला धरून खाली बसतं आणि पंप नेमका तळातनं ओढतो. टाकी उतरवा, धुऊन घ्या, नवा पंप टाका, विषय संपला.

मल्टिमीटर_मामा
पाण्याचं बरोबर आहे, मान्य. पण टाकीत पाणी असलं म्हणजे पंपाचा आवाज बंद होतो असं नाही. पंप फिरतो, गाडी धक्के खाते, मिस होते किंवा बंद पडते. इथं पंप मुळात फिरतच नाही. आधी वायर बघायची की टाकी उतरवायची?

ऊसवाला_चिकोडी
गंजलेल्या पंपाला वायर काय करणार? कंपन्यासुद्धा एप्रिल २०२३ नंतरच्याच गाड्या वीस टक्क्यांसाठी बनवल्यात म्हणतात. सँट्रो कधीची?

कोगनोळी_टोल
ऊस तुमचा, कारखाना तुमच्या तालुक्यात, इथेनॉल त्याच कारखान्यातलं, आणि तक्रार करायला आमच्या धाग्यावर आलाय होय 😄

ऊसवाला_चिकोडी
बिल वेळेवर मिळालं असतं तर तक्रार केली नसती.

अनगोळचा_राजा
ऊस नंतर. फ्यूज चांगला आहे, काढून बघितला. रिले कुठला ते समजेना. गाडी २००५ ची. सँट्रो झिंग.

मल्टिमीटर_मामा
बॉनेटखालच्या काळ्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र असतं, त्यात फ्युएल पंपाचा रिले दाखवलेला असेल. त्याच आकाराचा आणि तेवढ्याच पायांचा हॉर्नचा किंवा फॅनचा रिले काढून तिथं लावून बघा. फरक पडला तर रिले. नाही पडला तर पुढचं सांगतो. आणि हो, गाडी अचानक बंद पडली की हळूहळू? चालता चालता की सकाळी उठलीच नाही?

वकील_पण_ड्रायव्हर
गाडीचा नंबर केए की एमएच? बेळगावात एमएच ०९ च्या गाड्या पुष्कळ फिरतात म्हणून विचारतो. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर नवीन नंबर घ्यावा लागतो. आधी मूळ आरटीओची एनओसी, मग इथला आजन्म कर. शिवाय २००५ ची म्हणजे पंधरा वर्षं उलटून गेली, आरसीचं नूतनीकरण झालंय का? तेही पाच वर्षांचंच मिळतं. पंपावर खर्च करायच्या आधी कागद बघा.

अनगोळचा_राजा
केए २२. कागद ठीक आहेत. साहेब, मी कागद विचारले नाहीत.

रिले बदलून बघितला, फरक नाही. गाडी हळूहळू वगैरे नाही, पेट्रोलवर टाकली की उठतच नाही.

कोगनोळी_टोल
"पेट्रोलवर टाकली की" म्हणजे? गॅस आहे का गाडीला?

अनगोळचा_राजा
हो, एलपीजी किट आहे. आधीच्या मालकानंच बसवलेलं.

मल्टिमीटर_मामा
अहो! हे आधी सांगायचं. गॅसवर उठते का?

अनगोळचा_राजा
गॅसवर एकदम झकास उठायची. आता गॅस संपलाय. आणि गॅस भरायला न्यायची तर पेट्रोलवर उठायला पाहिजे. तिथंच तर अडकलोय.

शिनोळी_फाटा
घरचा सिलिंडर आणि एक पाइप असला की काम होतं भावा. आमच्याकडं सगळे करतात.

मल्टिमीटर_मामा
अजिबात नको. घरगुती गॅस गाडीत भरणं बेकायदा तर आहेच, पण घराशेजारी जरा जरी गळती झाली तर तो हवेपेक्षा जड गॅस जमिनीलगत पसरतो आणि तुळशीपुढचा दिवाही पुरतो. असल्या गोष्टी इथं लिहू नका.

राजा, आता चित्र स्पष्ट झालं. गॅसवर झकास उठते म्हणजे प्लग, कॉइल, क्रँक सेन्सर, कॉम्प्रेशन सगळं ठीक आहे. बिघाड फक्त पेट्रोलच्या बाजूला आहे. आणि गॅस किट बसवताना बरेच फिटर पंपाची वायर मधेच कापून तिथं आपला एक रिले घालतात, म्हणजे गॅसवर चालताना पंप बंद राहतो. तुमच्या गाडीत पंपाला जाणारा करंट त्या जोडातनं जातो का, हे बघायला पाहिजे. माझा संशय पंपाच्या आधी त्या जोडावर आहे.

अजून एक. टाकीत पेट्रोल किती असतं?

अनगोळचा_राजा
गॅसवरच फिरवतो म्हणून रिझर्व्हला. शंभर-दोनशेचं टाकतो अधनंमधनं.

ऊसवाला_चिकोडी
बघा! पंप पेट्रोलमध्ये बुडून गार राहतो. रिझर्व्हवर चालवून चालवून तापून जळला. मी म्हटलं तसंच, नवा पंप.

मल्टिमीटर_मामा
मघाशी इथेनॉल म्हणत होता तुम्ही.

ऊसवाला_चिकोडी
दोन्ही.

घाटवाट
पेट्रोलवरून आठवलं, चंदगडला जाणार असाल तर टाकी शिनोळीच्या अलीकडेच भरून घ्या, पलीकडं महाराष्ट्रात महाग. आम्ही तर चोर्ला उतरून गोव्यात गेलो की येताना फुल्ल करूनच येतो.

कोगनोळी_टोल
त्याची गाडी गेटच्या बाहेर निघेना, आणि तुम्ही त्याला चोर्ला उतरवायलाय.

मल्टिमीटर_मामा
आता नीट ऐका. मल्टिमीटर आहे का? नसेल तर इंडिकेटरचा एकवीस वॅटचा बल्ब आणि दोन वायरी घ्या, तोही चालतो. खरं म्हणजे ह्या कामाला बल्बच बरा. का ते सांगतो.

मागची सीट वर उचला. सँट्रोला खाली पत्र्याचं झाकण असतं, त्याखाली पंपाचा प्लग दिसेल. त्यातल्या दोन बारीक वायरी काट्याच्या, म्हणजे पेट्रोलचा काटा दाखवणाऱ्या; जाड दोन पंपाच्या. प्लग काढून किल्ली ऑन करून व्होल्ट बघितलं तर बऱ्याचदा बारा दाखवतं, आणि माणूस म्हणतो करंट येतोय, म्हणजे पंप गेला. इथंच फसायला होतं. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी तो बारा दाखवतो. पंपाला तीन-चार अँपिअर लागतात. ते ओढायला गेलं की खराब जोडावरच सगळं व्होल्ट खर्ची पडतं. बल्ब करंट ओढतो, म्हणून तो असा फसवत नाही.

म्हणून प्लग लावलेला ठेवूनच मागच्या बाजूनं वायरीत टाचणी घालून मोजायचं. पण किल्लीवर पंप दोन-तीन सेकंदच चालतो, तेवढ्यात मोजायला होत नाही. म्हणून पंपाचा रिले काढा आणि सॉकेटमधल्या ३० आणि ८७ ह्या दोन खाचा वायरीच्या तुकड्यानं जोडा. पंप सतत चालायला पाहिजे. खाचांच्या बाजूला किंवा रिलेच्या पायांपाशी हे आकडे लिहिलेले असतात, भलत्याच खाचा जोडू नका.

आणि हे करताना बिडी नको, झाकण उघडं ठेवून ठिणग्या पाडायच्या नाहीत, पेट्रोलचा वास आला तर थांबायचं. दार-खिडक्या उघड्या ठेवा.

पद्मिनीप्रेमी
एवढं करायचं त्यापेक्षा कार्ब्युरेटरची गाडी बरी. हातानं पंप मारला की तोंडापर्यंत पेट्रोल आलेलं दिसायचं.

अनगोळचा_राजा
केलं. भावाचा मीटर आणला. प्लग काढून १२.३ दाखवतो. प्लग लावून, रिलेत वायर घालून मोजलं तर ४.१. पंप गप्पच. आता काय?

कोगनोळी_टोल
सापडला! 👍

मल्टिमीटर_मामा
शाब्बास. ४.१ म्हणजे बाकीचं मधे कुठंतरी अडकलंय. आता दोनच जागा: अर्थ (म्हणजे बॉडीला जोडलेली मायनसची वायर), नाहीतर प्लसची वायर. मीटरची लाल टोच पंपाच्या काळ्या वायरीत आणि काळी टोच बॉडीच्या उघड्या पत्र्यावर, पंपाला करंट चालू असताना. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर अर्थ ठीक. जास्त आलं तर अर्थचा बोल्ट घासून घट्ट करा.

अनगोळचा_राजा
०.०६.

मल्टिमीटर_मामा
मग अर्थ ठीक. प्लसच्या वायरीच्या मागं मागं जा. गॅसचं किट बघा, चेंजओव्हरचा म्हणजे पेट्रोल-गॅस बदलायचा स्विच, त्याच्या वायरी कुठं कुठं जातात ते. फिटरच्या काळ्या टेपचा जोड दिसला की तो सोडून बघा.

शिनोळी_फाटा
थेट बॅटरीवरून वायर टाका पंपाला, मधे स्विच. आमच्या ओमनीला असंच केलंय, पाच वर्षं झाली.

मल्टिमीटर_मामा
आणि अपघात झाला, इंजिन बंद पडलं, पाइप फुटला, तरी पंप पेट्रोल फेकतच राहणार. मूळ वायरिंगमध्ये इंजिन थांबलं की पंप आपोआप बंद होतो, ती सोय उगाच ठेवलेली नाही. तुमच्या ओमनीतला स्विच काढा आधी.

शिनोळी_फाटा
पाच वर्षं काही झालं नाही की ओ.

अनगोळचा_राजा
सापडलं. बॅटरीच्या शेजारी, रिलेच्या डब्यातून बाहेर येणाऱ्या वायरीला काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडली तर आत नुसती हिरवी पावडर. वायर पिळून जोडलेली, सोल्डर नाही, काही नाही. तारा बहुतेक सगळ्या तुटलेल्या, दोन-तीन तेवढ्या चिकटून. पंपाची वायर तिथंच कापून गॅसच्या रिलेत नेलीय.

खराब तुकडा कापून सोल्डर मारला, वर उष्णतेनं आवळणारी नळी घातली. किल्ली ऑन केली की मागनं घूंऽऽ येतंय. थोडा वेळ सेल्फ मारला आणि पेट्रोलवर उठली. मिस्त्रीला फोन करून सांगितलं, तो म्हणायलाय तरी पंप बदला.

ऊसवाला_चिकोडी
मिस्त्री बरोबर आहे. आज उठली, घाटात बसेल.

मल्टिमीटर_मामा
आवाज आला म्हणजे पंप फिरतोय एवढंच कळलं. प्रेशर देतोय का ते वेगळं. रिझर्व्हवर राबलेला पंप फिरतो पण चढाला दम टाकतो, हे ऊसवाल्यांचं म्हणणं मी मोडत नाही. त्याला प्रेशर मोजायचा गेज लावावा लागतो. तीन बारच्या आसपास असायला हवं, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलात मिळेल. पंप बंद केल्यावर काटा लगेच धाडकन खाली आला तर आतला व्हॉल्व्ह गळतोय, मग सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. माझ्याकडं गेज आहे, शहापूरला घेऊन या. पाइप सोडायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करा आणि ती बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे पाइपातलं प्रेशर उतरतं. नाहीतर पेट्रोल तोंडावर उडतं.

फिल्टर कधी बदललाय?

अनगोळचा_राजा
माहीत नाही. मी घेतल्यापासून तरी नाही.

मल्टिमीटर_मामा
मग बदला. चोंदलेला फिल्टर पंपावर ताण आणतो. आणि टाकीत दहा लिटर तरी पेट्रोल टाकून ठेवा.

अनगोळचा_राजा
बरं. शनिवारी सातनंतर आलं तर चालेल का? फ्यूज वगैरे तिथंच काढतो.

मल्टिमीटर_मामा
या की. किटचा स्विच पेट्रोलवर ठेवून या, आणि टाकीचा गॅसचा व्हॉल्व्ह बंद करून.

संकेश्वर_एक्सप्रेस
माझी इंडिका डिझेल सकाळी थंडीत उठत नाही, धूर पांढरा येतो. ह्याच मीटरनं बघता येईल का? हीटर प्लग नवीन आहेत.