थाई बीएल मालिका अकराव्या भागात येऊन माती का खातात?

सांजवात

मंडळी, थाई बीएल (बॉईज लव्ह), म्हणजे दोन मुलांच्या प्रेमाच्या थाई मालिका, बघणाऱ्या सगळ्यांना एक प्रश्न आहे, आणि तो मी रागाच्या भरातच विचारते आहे. बारा भागांची मालिका असली की ही माणसं अकराव्या भागात अशी माती का खातात?

पहिले नऊ-दहा भाग कसे सरतात कळत नाही. ओळख, खटके, चोरून बघणं, मित्रांचं चिडवणं, एकाला ताप आला की दुसऱ्यानं रात्रभर उशाशी बसून ओल्या रुमालानं अंग पुसणं. हे सगळं ठरलेलं असतं, तरी मी दर वेळी तितक्याच आनंदानं बघते. ताप आला की मी सरसावून बसते! मग कधीतरी दोघं एकदाचे एकत्र येतात, आणि अकरावा भाग सुरू झाला की कुठून तरी जुनी मैत्रीण उगवते, नाहीतर परदेशातली शिष्यवृत्ती, नाहीतर दाराआडून अर्धवट ऐकलेलं एखादं वाक्य. ज्या मुलाला इतके दिवस समोरच्याच्या नुसत्या भुवईवरून त्याचं मन कळत होतं, त्याला आता "काय झालं रे?" एवढंसुद्धा विचारायचं सुचत नाही. पाऊण तास दोघं आपापल्या खोलीत रडतात, मागे तेच गाणं, आणि मधूनमधून आपण आधीच पाहिलेले प्रसंग पुन्हा. बाराव्यात वीस मिनिटांत सगळं मिटतं.

'टुगेदर'चंच घ्या. २०२० साली कितीतरी जण या मालिकेमुळेच थाई बीएलकडे वळले. मागे लागलेल्या एका मुलाला टाळायला टाइन सारावतला खोटं खोटं प्रेम करायला सांगतो, आणि हळूहळू ते खोटं उरत नाही. सारावत तोंडानं फार बोलत नाही, पण टाइनला आवडणाऱ्या स्क्रब बँडची गाणी गिटारवर वाजवतो, आणि तेवढ्यात सगळं येतं. इतकं हळुवार उभं केलेलं नातं! आणि शेवटाकडे सारावतच्या आयुष्यातली जुनी मैत्रीण पॅम येते, टाइन स्वतःच्या मनानंच अर्थ लावतो आणि मिटून जातो. ज्या मुलानं आधी तोंड वर करून "माझ्याशी प्रेमाचं नाटक कर" म्हणायची हिंमत दाखवली, तो एवढं विचारायला कचरतो? मला हे पटतच नाही.

बाकी सगळं मी पोटात घालते. जाहिरातीसुद्धा. ऐन बोलणं रंगात आलेलं असताना नायक बाटली उचलतो, लेबल कॅमेऱ्याकडे करतो, चेहऱ्याला क्रीम लावतो आणि ती किती हलकी आहे हे खोलीतल्या मित्राला सांगतो. चालेल. पैसे कुठून तरी यायलाच हवेत. पण दहा भाग जीव लावायला लावून अकराव्यात माणसंच बदलून टाकायची, हे मनाला लागतं.

हा लेखकाचा आळस आहे, की या मालिका बनतातच अशा? आणि अकरावा भाग नीट सांभाळलेल्या मालिका कुठल्या, तेही सांगा.

रिमोट माझ्याकडे

सांजवात, चांगला विषय काढलात. आळस म्हणणं मला थोडं अन्यायाचं वाटतं. मूळ गोम लांबीत आहे.

यातल्या पुष्कळ मालिका कादंबऱ्यांवरून येतात. 'सोटस' बिटरस्वीटच्या कादंबरीवरून, 'टुगेदर' जित्तिरेनच्या, 'थार्नटाइप' मेमच्या. अशा कितीतरी कादंबऱ्या आधी इंटरनेटवर प्रकरणाप्रकरणानं येतात. वाचकाला रोज थोडं हवं असतं, त्यामुळे त्यांत छोट्या छोट्या गमती भरपूर आणि मोठा संघर्ष बेताचाच. दोघांचं जुळलं की खरी गोष्ट संपते, पुढे नुसतं सुख. वाचायला ते गोड लागतं. मालिकेला मात्र बारा आठवडे भरायचे असतात आणि शेवटच्या आठवड्यात प्रेक्षक परत यायला हवा असतो. मग अकराव्यात भांडण लावतात.

दुसरं कारण मला जोड्यांच्या व्यवहारात दिसतं. क्रिस्ट-सिंगटो, ऑफ-गन, ब्राइट-विन, अर्थ-मिक्स, या नटांची नावं जोडीनंच घेतली जातात. मालिका संपली की त्याच जोडीचे चाहत्यांसोबतचे कार्यक्रम, जाहिराती, पुढची मालिका. म्हणजे जोडी तुटलेली दाखवून चालणार नाही, आणि काहीच घडलं नाही तरी चालणार नाही. उरतं काय? एका भागात लागून दुसऱ्या भागात मिटेल असं भांडण. म्हणून ते खोटं वाटतं.

माझं म्हणणं पडताळून बघायचं तर कमी भागांच्या मालिका बघा. 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' पाच भागांची. 'मूनलाइट चिकन' आठ. 'अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स' दहा. तिन्हींत दुरावा येतो, पण कुठेही तो वेळ भरायला आणलाय असं वाटत नाही. 'सनसेट'मध्ये टे आणि ओ-एव हे लहानपणचे मित्र, शाळेच्या वयात फाटलेले, फुकेतमध्ये चिनी भाषेच्या शिकवणीत पुन्हा समोरासमोर येतात. टे त्याला जवळ ओढतो आणि घाबरून तिथल्या तिथे ढकलतो. हा गोंधळ पहिल्यापासून त्याच्या अंगात आहे. पुढे तो ओ-एवसाठी विद्यापीठातली आपली जागा सोडतो, तेव्हा हॉकियन नूडल्स विकून त्याला वाढवणारी आई जी कोसळते, तो संघर्ष कुणी बाहेरून आणून चिकटवलेला नाही.

खिडकीपाशी

अकरावा भाग सांभाळलेली मालिका? अगं, 'बॅड बडी'! तू पाहिलीच नाहीस की काय?

ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२२, दर शुक्रवारी. तेव्हा मी शुक्रवारी संध्याकाळी कुणाला भेटायचंच बंद केलं होतं. यूट्यूबवर भाग चार तुकड्यांत यायचा आणि दुसऱ्या तुकड्याची वाट बघताना पहिल्याच्या खालच्या प्रतिक्रिया वाचायच्या, यात वेगळीच मजा होती. बारा भागांचीच मालिका, म्हणजे रिमोटभाऊंचा लांबीचा नियम इथे लागू पडत नाही.

पॅट आणि प्रान शेजारी राहतात. दोघांच्या घरांत जुनं वैर, इतकं की मुलांनी एकमेकांशी बोलायचं नाही. एक इंजिनिअरिंगला, दुसरा आर्किटेक्चरला, तिथेही दोन्ही गटांची मारामारी. आता पाचवा भाग आठव. गच्चीवर रात्री दोघंच. पहिल्यांदा जवळ येतात, आणि प्रानला रडू फुटतं. तो मागे सरतो आणि निघून जातो. इतकी वर्षं मनात जपून ठेवलेलं समोर आलं, तर पहिला विचार हा की हे घरी चालणार नाही. त्याला कुणीही गैरसमज करून दिलेला नाही, कुठली मुलगी मध्ये आलेली नाही. त्याला सगळं नीट समजलंय म्हणून तो रडतो. प्रान झालेल्या नॅनॉनचा चेहरा त्या अर्ध्या मिनिटात जे करतो ते मी किती वेळा मागे नेऊन पाहिलं असेल. आणि तो गेल्यावर पॅट तिथेच उभा. पॅट झालेल्या ओमनं तिथे काहीच केलेलं नाही, फक्त उभा राहिलाय, आणि तेच बरोबर आहे.

आणि अकरावा भाग! आपण सगळे श्वास रोखून बसलो होतो की आता हे भांडणार. तर ते घरच्यांपासून दूर समुद्रकिनारी पळून गेलेले, आणि तिथे दोघांचा संसार. भांडण घराशी आहे, एकमेकांशी नाही, हे त्या मालिकेनं एकदाही विसरू दिलं नाही. दिग्दर्शक नोप्पनत चैविमोन, ज्यांना सगळे ऑफ म्हणतात (ऑफ-गनमधला ऑफ नव्हे). 'थाउजंड स्टार्स' आणि 'मूनलाइट चिकन'सुद्धा त्यांचीच. त्यांचं नाव दिसलं की मी निर्धास्त बसते.

अजून एक. पॅटची बहीण पा आणि इंक, या दोघींची गोष्ट त्यात किती सहज आली. त्याआधी बीएलमध्ये मुलगी म्हणजे कपाळावर आठ्या घालून मध्ये येणारी, नाहीतर फोटो काढत किंचाळणारी. ती कामं करणाऱ्या मिल्क आणि लव्ह या दोघींना पुढे स्वतःची मालिका मिळाली, तेव्हा मला घरच्या कुणाचं तरी भलं झाल्यासारखा आनंद झाला.

जोड्यांबद्दल रिमोटभाऊंनी लिहिलंय त्यातला एक काटा मला फार बोचतो. पडद्यावर प्रेम केलं म्हणून त्या मुलांनी पडद्याबाहेरही ते करावं असा हट्ट धरणारे चाहते. यातला कुणी मैत्रिणीबरोबर दिसला की त्याच्या नावानं शिव्या. वीस-बावीस वर्षांची पोरं ती. त्यांनी काम केलं, जीव ओतून केलं, आपल्याला रडवलं. त्यांचं घर त्यांचं आहे.

ध्रुवतारा

मी फारसा लिहीत नाही, वाचतो. पण या विषयावर लिहावंसं वाटलं, कारण मी या मालिका थोड्या वेगळ्या जागेवरून बघतो. मी स्वतः गे आहे.

तुमचा अकराव्या भागाचा राग समजतो, पण मला तो तितकासा येत नाही. माझं डोकं उठतं ते पहिल्या दोन-तीन भागांत. "मला मुलं आवडत नाहीत, मला फक्त तू आवडतोस." हे वाक्य प्रेमाची कमाल म्हणून इतक्या वेळा आलंय, आणि दर वेळी मला दारातून परत पाठवल्यासारखं होतं. म्हणजे मुलं आवडणं हे अजून नको असलेलंच, फक्त या एकाचा अपवाद. आणि दुसरं, झोपलेल्या किंवा प्यायलेल्या माणसाला हात लावणं हे प्रेम म्हणून दाखवणं. 'थार्नटाइप' २०१९ मध्ये किती गाजली! मेव आणि गल्फ दोघांनी कामही चांगलं केलंय. पण त्यातल्या टाइपवर लहानपणी अत्याचार झालेला आहे आणि त्याच्याशी त्याच खोलीत राहणारा थार्न सुरुवातीला जसा वागतो ते बघताना मला मालिका बंद करावी लागली. ती आवडणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मी ती कुणाला सुचवणार नाही, एवढंच.

तरीही बघत राहिलो, त्याचं कारण या मालिका बदलत गेल्या आणि तो बदल माझ्या डोळ्यांसमोर झाला. 'सोटस'मध्ये २०१६ साली पहिल्याच भागात काँगपॉब सगळ्यांसमोर आर्थितला म्हणतो, मी तुला माझी बायको करीन. तेव्हा तो टाळ्यांचा संवाद होता. पाच वर्षांनी 'नॉट मी'मध्ये रस्त्यावर समान विवाहहक्कासाठीचा मोर्चा आणि इंद्रधनुषी झेंडा. आणि मग तो कायदा खरोखर झाला. १८ जून २०२४ ला सिनेटनं मंजुरी दिली, २३ जानेवारी २०२५ पासून अंमल. आग्नेय आशियात असा पहिला देश. मालिकांमुळे कायदा झाला असं मी म्हणणार नाही, तिथले कार्यकर्ते वर्षानुवर्षं झिजलेत. पण आता एखाद्या थाई मालिकेत एकानं दुसऱ्याच्या बोटात अंगठी घातली, तर पुढे दोघं जाऊन लग्नाची नोंद करू शकतात. त्या दृश्याचं वजनच बदललं.

आणि आनंदाचं विचाराल तर 'मूनलाइट चिकन'. पट्टायातलं चिकन-भाताचं छोटं दुकान, रात्री चालणारं. मालक जिम चाळिशीकडे झुकलेला, थकलेला, प्रेमात पोळलेला. हॉस्टेल नाही, फॅकल्टी नाही. दुकानाचं भाडं आहे, धुवायची भांडी आहेत. त्यात हार्ट नावाचा मुलगा आहे, त्याची ऐकण्याची शक्ती गेली आहे. आईवडिलांचं प्रेम आहे, पण खुणांची भाषा शिकायचं त्यांनी मनावर घेतलेलं नाही. ते त्याला घरात जपून ठेवतात. आणि जिमचा भाचा ली मिंग, ज्याची हार्टशी नुकतीच ओळख झालीय, तो बसून ती भाषा शिकतो. हात चुकतात, हार्ट हसतो, तो पुन्हा करतो. कुणी आपल्यासाठी एवढे कष्ट घेतले की माणसाला काय वाटतं ते हार्टच्या चेहऱ्यावर दिसतं. मला एवढंच हवं असतं मालिकेकडून.

सांजवात

तिघांचेही मनापासून आभार.

खिडकीपाशी, 'बॅड बडी' पाहिली आहे ग, पण सगळी एका दमात, त्यामुळे अकरावा कुठे सुरू झाला तेच कळलं नव्हतं. तू लिहिलंस आणि लक्षात आलं की मला तिथे राग आलाच नव्हता. भांडण घराशी, एकमेकांशी नाही, हे अगदी बरोबर. 'थाउजंड स्टार्स'मध्येही शेवटी तियान दोन वर्षं दूर जातो, पण मला ते चाललं. ज्याच्या छातीत एका गेलेल्या मुलीचं हृदय आहे आणि जो त्या मुलीचं राहिलेलं काम करायला डोंगरावरच्या गावात आलाय, त्याला स्वतःचं आयुष्य नेमकं कुठलं हे शोधायला वेळ लागणारच. तो जाताना मी रडले, चिडले नाही.

रिमोट, तुमचं लांबीचं म्हणणं अर्धं मान्य. टाइनच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. त्याच वर्षी आलेल्या 'स्टिल टुगेदर'च्या पाच भागांत तोच टाइन आणि तोच सारावत एका घरात राहतात, कामावरून, वेळेवरून कुरबुरी करतात, आणि ते खरं वाटतं. म्हणजे या दोघांना भांडायला लावायला पॅमची गरज नव्हती. एका छपराखाली राहण्याच्या साध्या अडचणी पुरेशा होत्या.

ध्रुवतारा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. ते "फक्त तू" वालं वाक्य मी इतकी वर्षं गोड म्हणून ऐकत आले आहे. आता ते आलं की तुमचं दार आठवेल. 'मूनलाइट चिकन' मी आठच भाग आहेत म्हणून मागे ठेवली होती, लवकर संपेल या भीतीनं. शनिवारी सुरू करते. जिम आणि त्याला भेटणाऱ्या वेनचं पुढे काय होतं ते कुणीही इथे लिहू नका.