मदत हवी आहे: गोकाक ट्रिपचं गणित, ६०० वर्गणीत किती माणसं लागतील?

नमस्कार मंडळी, आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीतली भिशीची माणसं पावसाळ्यात गोकाकचा धबधबा बघायला जाऊया म्हणतायत आणि हिशोब नेहमीसारखा माझ्याच गळ्यात. टेम्पो ट्रॅव्हलरवाला डिझेल-ड्रायव्हर धरून ७५०० म्हणतोय, नाष्टा-जेवण-चहा माणशी २५०, वर्गणी ६०० आणि त्याच्यावर एक रुपया कोण काढणार नाही. क्ष माणसं धरून मी मांडलं

६००क्ष ≥ ७५०० + २५०क्ष

म्हणजे ३५०क्ष ≥ ७५००, क्ष ≥ २१.४, कमीत कमी २२ माणसं. पण दहावीतला भाचा सगळं उलट्या बाजूला नेऊन −३५०क्ष ≤ −७५०० वर आला आणि भागून म्हणूलाय क्ष ≤ २१.४, "मामा, २१ च्या वर कोणाला घेऊ नका." बरोबर कोण? आणि गाडीत सीटा १७ च आहेत, त्याचं काय करू?

प्रतिसाद १:
दादा, १० माणसं घालून बघा की. जमा ६०००, खर्च १०,०००. भाच्याचं उत्तर तिथंच पडलं. ऋण संख्येनं भागलं की चिन्ह फिरवायचं असतं, २ हा ५ पेक्षा लहान पण −२ हा −५ पेक्षा मोठा, तेवढं त्याला दाखवा.

आता क्ष ≥ २२ पण पाहिजे आणि क्ष ≤ १७ पण, असा आकडाच नाही. ६०० सोडा. माणशी ७५००/क्ष + २५० येतंय, १७ आले तर ६९१, १४ च आले तर ७८६. आदल्या रात्री दोघं-तिघं गळतातच, त्यामुळं १४ वर हिशोब धरून ८०० घ्या, उरलं तर परत द्या. ॲडव्हान्स वर्गणी घेतल्याशिवाय गाडी बुक करू नका.

प्रतिसाद २:
टेम्पो कशाला हो, लाल बसनं जावा. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. पुरुष प, तिकीट जाऊन-येऊन समजा २०० धरलं तर २००प + २५०क्ष ≤ ६००क्ष, सगळे पुरुष असले तरी बसतंय.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. चिन्हाचं भाच्याला पटलं, पण मामा हरला नाही हे काय त्याला पटंना. बसचा हिशोब भारी आहे, १७ जणांत ८ पुरुष, १६०० + ४२५० = ५८५०, माणशी ३४५ पण पुरेत. फक्त दोन अडचणी. एक, चंदगडची मावशी येणार आहे, तिचं आधार महाराष्ट्राचं, म्हणजे तिला तिकीट, तिला 'प' मध्येच धरावं लागणार ना? दुसरी, बायका आत्ताच म्हणूल्यात की आमचं तिकीट शून्य, मग आम्ही २५० च देणार, तुमचं तिकीट आम्ही का भरायचं. ह्याला काय उत्तर देऊ?